पाचोळ्याखालचं जंगल: नाशिकच्या रानातले मातीतले सूक्ष्म जीव कसे पाहावेत, मोजावेत आणि जपावेत

मृगाच्या दोन-तीन सरी पडून गेल्या की त्र्यंबकच्या रस्त्याला रोपांनी भरलेले टेम्पो दिसू लागतात. खड्डे खणले जातात, रोपं लागतात, फोटो निघतात. रोपं लावणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही, मी स्वतः त्यांच्यात असतो. पण ज्या डोंगरावर आपण जूनमध्ये रोप लावतो, त्याच डोंगरावरचा पाचोळा मार्चमध्ये जळून गेलेला असतो. त्याची नोंद कुणीच ठेवत नाही. किती रोपं लावली हे प्रत्येकाला सांगता येतं, पण मातीत काय जिवंत आहे ते कुणालाच सांगता येत नाही. ते स्वतः बघून सांगता यावं, म्हणून हा लेख.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक नरसाळं, एक दिवा, एक भिंग आणि थोडा संयम पुरतो. चौथी-पाचवीतली मुलंही हे करू शकतात. मोठ्यांपेक्षा त्यांची नजर जास्त तीक्ष्ण असते, हा माझा अनुभव आहे.

आधी नुसतं बघा

एखाद्या जुन्या ऐनाच्या किंवा जांभळाच्या झाडाखाली गुडघे टेकून बसा. काडीने पाचोळा हळूच बाजूला करा आणि एकेक थर नीट पाहा. वर गेल्या उन्हाळ्यातली कोरडी, अख्खी पानं असतात. त्यांच्याखाली ओलसर, मऊ पडलेली पानं. त्यातल्या काहींच्या नुसत्या शिरा उरलेल्या असतात, जणू जाळीदार कापडच. त्याखाली चहाच्या चोथ्यासारखा काळा, दाणेदार थर, आणि मग माती. तो काळा थर चिमटीत घेऊन भिंगाखाली धरा. त्यातला बराचसा भाग विष्ठेच्या बारीक गोळ्यांचा असतो. गोगलगाईपासून माइटपर्यंत (माइट म्हणजे कोळ्याच्या कुळातले अगदी बारीक जीव) अनेकांच्या पोटातून पान एकदा, दोनदा, पाचदा गेलेलं असतं.

वरचं पान अख्खं असताना बुरशीला आणि जिवाणूंना त्यात शिरायला जागा कमी असते. वाणी (गोमेसारखा दिसणारा, पण संथ चालीचा जीव) आणि पाचोळ्यातले इतर कुरतडणारे जीव त्याचे तुकडे करतात. तुकडे झाले की पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढतो आणि सूक्ष्मजंतूंचं काम सुरू होतं. मग बुरशी खाणारे येतात, जिवाणू खाणारे येतात, आणि त्यांना खाणारेही येतात. या खाण्यातूनच झाडाला नत्र मिळतं. जिवाणूच्या शरीरात कर्बाच्या मानाने नत्र भरपूर असतं. सूत्रकृमी, म्हणजे मातीतला धाग्यासारखा बारीक जंत, जिवाणू खातो तेव्हा त्याला तेवढं नत्र लागत नाही. जास्तीचं नत्र तो अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो आणि शेजारचं मूळ ते उचलतं.

नाशिकच्या द्राक्ष किंवा टोमॅटो उत्पादकासमोर 'सूत्रकृमी' म्हटलं की त्याला मुळांवरच्या गाठी आठवतात. ते साहजिक आहे, त्याने नुकसान सोसलेलं असतं. पण मातीत मुळांना त्रास देणाऱ्या सूत्रकृमींच्या बरोबरीने जिवाणू आणि बुरशी खाणारे, एकमेकांना खाणारेही असंख्य असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात जमिनीच्या वरच्या थरातल्या सूत्रकृमींची संख्या ४ या आकड्यावर वीस शून्यं पडतील एवढी निघाली होती.

कधी, कुठे आणि कुणाला विचारून

मे महिन्यात जाऊ नका. त्या दिवसांत आपल्याकडची माती भाजलेली असते. बहुतेक जीव खोल गेलेले किंवा अंड्याच्या रूपात असतात, आणि तुम्ही उगाच 'इथे काहीच नाही' असा निष्कर्ष काढाल. पहिला चांगला काळ म्हणजे पाऊस लागल्यावर तीन-चार आठवड्यांनी, साधारण जुलैचा मध्य. दुसरा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. दोन्ही वेळा एकाच जागी नमुना घेतला तर तुलना खरी होते. मुसळधार पावसाच्या दिवशी मात्र नको, कारण माती चिखल झाली की नरसाळ्यात काही उतरत नाही.

नाशिक जिल्ह्याचं एक सोयीचं आहे. इगतपुरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. एकाच दिवसात गाडीने ओल्या पानझडी जंगलातून कोरड्या झुडपी रानात जाता येतं. त्यामुळे इगतपुरीच्या आकड्यांशी येवल्याचे आकडे भिडवू नका. तुलना शेजारच्या जागांमध्येच करा. जळालेला उतार आणि त्याच डोंगराचा न जळालेला उतार, देवराई आणि तिच्या बाहेरचं रान, जुनं झाड आणि पाच वर्षांपूर्वीची लागवड, अशा जोड्या निवडा.

परवानगीचं गांभीर्याने घ्या. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथे बघायला आणि फोटो काढायला जा, पण माती किंवा पाचोळा उचलायचा असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी हवी. कुठल्याही राखीव वनात हेच लागू आहे. देवराईत गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि चपला बाहेर काढायची रीत असेल तर ती पाळा. सुरुवातीला सगळ्यात सोपं म्हणजे स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेताचा जुना बांध, जिथे आंबा, जांभूळ किंवा करंज उभा आहे आणि ट्रॅक्टर पोचत नाही. नागपंचमीला मात्र गावात खणायला जाऊ नका. त्या दिवशी जमीन खणत नाहीत, वारुळाची पूजा असते. वारूळ म्हणजे मातीतल्या जीवांचं घरच, आणि आपल्या लोकांनी वर्षातला एक दिवस त्याच्यासाठी राखून ठेवला आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सुरक्षेच्या चार गोष्टी. बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोज्यात खोचलेली पॅन्ट, हातात मोजे. दगड किंवा ओंडका उचलताना त्याची पलीकडची कड आपल्याकडे वर उचला, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असेल तर दगड तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहील. उचललेला दगड तसाच, त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर आहे. एका जातीच्या माइटच्या अळीमुळे स्क्रब टायफस हा ताप पसरतो. म्हणून गवतात लोळू नका, घरी आल्यावर अंघोळ करा, कपडे धुवायला टाका. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

सामान

दोन लिटरची पाण्याची बाटली, खिडकीला लावतात ती साधारण दोन मिलिमीटर छिद्रांची जाळी, पांढरा ट्रे किंवा पांढरं ताट, शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश, १० पटीचं भिंग, खुरपं, दहा सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा डबा (दोन्ही तोंडं कापलेला), कापडी पिशव्या, चिठ्ठ्या आणि पेन्सिल. पेन नको, शाई ओलीने पसरते. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स मिळाली तर भिंगापेक्षा सोपं पडतं, कारण फोटो मोठा करून पायांच्या जोड्या मोजता येतात. जीव जपून ठेवायचे असतील तर मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं अल्कोहोल घ्या.

नमुना घेणं

एका जागेवर तीन ठिकाणं निवडा, एकमेकांपासून दहा-पंधरा पावलांवर. बुंध्याला अगदी चिकटून नको आणि पायवाटेवरही नको. प्रत्येक ठिकाणी आधी हवेचं तापमान, वेळ, वर कुठलं झाड, पाचोळ्याचा थर किती बोटं जाड, हे लिहा. मग पाचोळ्याचा वरचा अख्खा थर एका पिशवीत घ्या आणि त्याखालची माती दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा खोल अशा चौकोनी तुकड्यात उचला. आपली काळ्या दगडाची जमीन जिथे पातळ आहे तिथे दहा सेंटिमीटर खोल जाताच येत नाही. मुरूम लागला की थांबा, आणि किती खोल गेलात ते लिहून ठेवा.

मातीचा तुकडा शक्य तितका अख्खा आणा. चुरला की आतल्या पोकळ्या बुजतात आणि त्यातले जीव चिरडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नको. एकदा मी नमुने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधून गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवले. हरसूलहून नाशिकला येईपर्यंत काचेतून ऊन लागत राहिलं, आणि रात्री पिशव्या उघडल्या तेव्हा आतून वाफ आली. एकही जीव हलत नव्हता. तेव्हापासून ओलं फडकं गुंडाळलेली कापडी पिशवी, सावलीत, आणि त्याच दिवशी नरसाळ्यात, हा नियम मी मोडलेला नाही.

खड्डा तसाच सोडू नका. शेजारचा पाचोळा त्यात भरून दाबा.

नरसाळं: या कामाचं काळीज

इटलीचे कीटकशास्त्रज्ञ अंतोनियो बेर्लेझे यांनी १९०५ साली एक साधी युक्ती वापरली. मातीतल्या जीवांना कोरडेपणा आणि उष्णता सोसत नाही. माती वरून हळूहळू वाळवली की ते खाली, ओलीकडे सरकत जातात. खाली नरसाळं ठेवलं की ते त्यातून थेट बाटलीत पडतात. बेर्लेझे माती गरम पाण्याच्या कवचाने तापवत. पुढे स्वीडनचे तुलग्रेन यांनी विजेचा दिवा वापरला. आजही जगभर हेच उपकरण वापरात आहे, आणि ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर बनतं.

बाटलीचा वरचा तृतीयांश भाग कापून उलटा करा, झालं नरसाळं. त्यात जाळीचा गोल तुकडा बसवा. खाली लहान बरणी ठेवून तिच्यात बोटभर अल्कोहोल घाला. जीव मारायचे नसतील तर बरणीत ओला टिश्यू पेपर ठेवा, दर काही तासांनी बघा आणि नोंद झाली की त्यांना परत मातीत सोडा. मुलांसोबत मी नेहमी दुसराच मार्ग धरतो. मातीचा तुकडा जाळीवर उलटा ठेवा, म्हणजे वरची बाजू खाली. त्यातल्या नैसर्गिक वाटा वरच्या बाजूला रुंद असतात, जीवांना त्यांतून उतरायला सोपं पडतं. पाचोळा वेगळ्या नरसाळ्यात.

आता दिवा. इथे बहुतेकांची चूक होते. एलईडी दिवा लावू नका, तो उजेड देतो पण माती वाळवत नाही. जुना तारेचा, ४० वॅटचा पिवळा दिवा हवा. तो मातीपासून वीतभर वर टांगा. पहिले दोन दिवस त्याहून वर ठेवा, मग रोज थोडा खाली आणा. एकदम तापवलं तर जीव वाटेतच वाळून मरतात. कपडा किंवा कागद दिव्याजवळ येऊ देऊ नका, आणि घरात कुणी नसताना दिवा चालू ठेवू नका. पाड्यावर वीज नसेल तर नरसाळं व्हरांड्यात ठेवा आणि कोवळ्या उन्हात हळूहळू वाळू द्या. वेळ जास्त लागतो, पण काम होतं. पाचोळ्याला चार-पाच दिवस लागतात, मातीला आठ ते दहा.

गांडुळं, मोठे वाणी, गोम, हुमणी यांच्यासाठी नरसाळं नाही. ते हातानेच वेचा. शेजारी एक वीतभर लांब-रुंद चौकोन खणून माती पांढऱ्या ट्रेमध्ये मोकळी करा आणि पाच मिनिटं शांतपणे बघत राहा. खोल गेलेली गांडुळं वर आणायची असतील तर मोहरीची पूड दर लिटर पाण्यात दहा ग्रॅम या प्रमाणात कालवून जमिनीवर हळूहळू ओता. त्या झणक्याने ती वर येतात. मोजून झाली की साध्या पाण्यात धुऊन सोडून द्या.

कोण कोण भेटतं

सुरुवात ओळखीच्या चेहऱ्यापासून करू. मृगाचा किडा, तो लाल मखमली, बोटाच्या पेराएवढा, लहानपणी आपण सगळ्यांनी तळहातावर चालवलेला. त्याचे पाय मोजा. आठ आहेत. तो कीटक नाही, माइट आहे. शेतीच्या भाषेत माइटला 'कोळी' म्हणतात (द्राक्षावरचा लाल कोळी तोच), पण जाळं विणणाऱ्या कोळ्याशी घोळ होऊ नये म्हणून मी इथे माइटच म्हणतो. मृगाचा किडा त्या कुळातला थोराड पाहुणा. त्याचे बाकीचे भाऊबंद खसखशीच्या दाण्याहून लहान असतात. बाटलीच्या तळाशी तपकिरी, चकाकणारे, ढालीसारखी पाठ असलेले ठिपके दिसले तर ते ओरिबाटिड माइट. ते सावकाश चालतात, बुरशी आणि कुजलेलं पान खातात. त्यांची वाढही सावकाश होते. कित्येक जातींना अंड्यापासून पूर्ण वाढायला काही महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. म्हणूनच एकदा जळालेल्या जागी ते लवकर परतत नाहीत. फिकट रंगाचे, लांब पायांचे, भराभर पळणारे माइट दिसले तर ते शिकारी.

दुसरा हमखास भेटणारा म्हणजे स्प्रिंगटेल. पाचोळा ट्रेवर झटकल्यावर काही ठिपके टिचकी मारल्यासारखे उडतात, तेच हे. त्याच्या पोटाखाली एक दुभंगलेली काटकी दुमडून एका बारीक आकड्यात अडकवलेली असते. आकडा सुटला की काटकी जमिनीवर आपटते आणि स्वारी हवेत. एकदा मॅक्रो लेन्सखाली अर्धा तास मी एकाच स्प्रिंगटेलकडे पाहत होतो. तो बुरशीच्या पांढऱ्या धाग्यावर तोंड फिरवत पुढे सरकत होता, अगदी शेळी बांधावरचं गवत कुरतडते तसा. त्याच्या अंगाला बुरशीचे बीजाणू चिकटलेले दिसत होते, आणि तो जिथे जाईल तिथे ते जाणार होते. यांचे पूर्वज सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात जीवाश्म होऊन सापडले आहेत.

स्प्रिंगटेलमध्ये एक फरक शिकून घ्या, तो पुढे उपयोगी पडेल. पाचोळ्याच्या वर राहणारे रंगीत असतात, केसाळ, लांब मिशांचे, डोळे असलेले, लांब उड्या मारणारे. जितके खोल जाल तितके ते पांढरे, आखूड, आंधळे होत जातात. सगळ्यात खोलच्यांना उडायची काटकीच नसते, कारण त्या अरुंद पोकळीत उडणार कुठे? असे पांढरे आंधळे सापडणं म्हणजे ती माती बराच काळ कुणी उलथवलेली नाही, याची खूण.

बाकीचे भराभर सांगतो. छद्मविंचू: दोन-तीन मिलिमीटर, पुढे नांग्या पण मागे नांगी नाही, निरुपद्रवी. सिंफायला: गोमेसारखा पण पांढरा, आंधळा, पायांच्या बारा जोड्या. डिप्ल्युरा: पांढरा, मागे दोन शेपट्या. प्रोट्युरा: याला मिशाच नाहीत, पुढचे पाय वर धरून चाचपडत चालतो. हा गट १९०७ पर्यंत विज्ञानाला माहीतच नव्हता, यावरून पायाखाली किती दडलेलं असतं ते कळावं. वाणी आणि गोम यांत गोंधळ होतो. वाणीला बहुतेक प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या, चाल संथ, खाणं पाचोळा. गोमेला एक जोडी, चाल चपळ, ती शिकारी. आयसोपॉड हा करड्या रंगाचा, ढालीच्या पट्ट्यांचा जीव खेकडा-कोळंबीच्या कुळातला आहे. ओल संपली की तो जगत नाही.

आणि वाळवी. घराच्या चौकटीला लागणाऱ्या वाळवीवरून सगळ्या वाळवीला शत्रू ठरवू नका. आपल्या कोरड्या पानझडी रानात गांडुळांचं पुष्कळसं काम वाळवीच करते. वारुळात ती बुरशीची शेती करते, आणलेलं लाकूड-पाला त्या बुरशीकडून पचवून घेते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी आणि लोक आवडीने खातात ती अळंबी याच शेतीतून वर आलेली असते. (रानातली अळंबी पारखी माणसासोबत असल्याशिवाय तोडू नका.)

गुण कसे द्यायचे

एकेक जीव जातीपर्यंत ओळखणं तज्ज्ञांचं काम. आपल्याला त्याची गरज नाही. इटलीत २००१ च्या सुमारास मातीचं आरोग्य ठरवण्याची एक पद्धत तयार झाली, तिला क्यूबीएस म्हणतात ('मातीची जैविक गुणवत्ता' या अर्थाच्या इटालियन शब्दांची आद्याक्षरं). तिच्यात जीवांची संख्या मोजत नाहीत. मातीत राहायला कोण किती बांधलेला आहे यावरून त्या गटाला १ ते २० गुण देतात. जो मातीबाहेर जगूच शकत नाही त्याला २०, आणि जो येऊन-जाऊन असतो त्याला १.

माइट, छद्मविंचू, सिंफायला, डिप्ल्युरा, प्रोट्युरा यांना प्रत्येकी २०. वाणी आणि गोम पाच मिलिमीटरहून मोठे असतील तर १०, लहान असतील तर २०. आयसोपॉड १०, वाळवी १०, भुंग्यांच्या आणि माश्यांच्या अळ्या १०, मुंग्या ५, जाळं विणणारे कोळी १ ते ५. स्प्रिंगटेल रंगीत, डोळ्यांचा, लांब काटकीचा असेल तर १, आणि पांढरा, आंधळा, काटकी नसलेला असेल तर २०. मधल्यांना मधले गुण. एका गटाचे गुण एकदाच धरायचे, त्या गटात दहा सापडले काय आणि हजार काय. तिन्ही नमुन्यांतले त्या गटाचे सर्वांत जास्त गुण घेऊन बेरीज करायची.

समजा, देवराईच्या मातीत माइट (२०), पांढरे स्प्रिंगटेल (२०), सिंफायला (२०), वाळवी (१०), भुंग्याची अळी (१०), मोठी गोम (१०) आणि मुंग्या (५) मिळाल्या. बेरीज ९५. बाहेरच्या, दरवर्षी जळणाऱ्या उतारावर माइट (२०), रंगीत स्प्रिंगटेल (१) आणि मुंग्या (५). बेरीज २६. हा आकडा युरोपातल्या कुठल्याही तक्त्याशी ताडू नका, तिथलं हवामान आणि माती वेगळी आहे. तुमच्याच दोन जागांमधला फरक, आणि त्याच जागेचा दरवर्षीचा चढ-उतार, एवढंच बघा.

पाचोळा किती वेगाने कुजतो

कोण आहे ते कळलं, आता काम किती होतं ते पाहायचं. त्यासाठी पाचोळ्याच्या थैल्या करा, आणि आपल्या लासलगावच्या पट्ट्यात त्याचं सामान फुकट मिळतं. कांद्याच्या जुन्या जाळीदार गोणीचे वीतभर तुकडे कापा. नुसत्या गोणीची थैली केली तर पानाचा चुरा खाली गळून जातो आणि वजन चुकतं. म्हणून वरची बाजू कांद्याच्या गोणीची आणि खालची मच्छरदाणीची शिवा. दुसऱ्या प्रकारच्या थैल्या दोन्ही बाजूंनी घट्ट विणीच्या पातळ नायलॉनच्या ओढणीच्या करा. सुती कापड नको, ते स्वतःच कुजतं. पहिल्या थैलीत लहान-मोठे जीव शिरतात, दुसरीत बुरशी, जिवाणू आणि अगदीच बारीक जीव पोचतात.

सावलीत वाळवलेली, त्याच जागची पानं प्रत्येक थैलीत १० ग्रॅम भरा. सोन्याच्या दुकानात असतो तसा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो. जुलैमध्ये दोन्ही प्रकारच्या सहा-सहा थैल्या पाचोळ्याखाली ठेवून दगडाने दाबा, शेजारी रंगीत दोरी बांधा. एक, दोन आणि चार महिन्यांनी दोन-दोन थैल्या काढा, माती ब्रशने झटका, पानं पुन्हा सावलीत वाळवा, वजन करा. १० ग्रॅमचे ४ ग्रॅम उरले तर ६० टक्के पाचोळा गेला. दोन प्रकारच्या थैल्यांमधला फरक म्हणजे ढोबळमानाने फक्त पहिल्या थैलीत शिरू शकणाऱ्या जीवांचं काम. सागाचं जाड, राठ पान हळू कुजतं, गिरिपुष्पाचं झटपट. त्यामुळे जोडीतल्या दोन्ही जागी एकाच झाडाची पानं वापरा.

पाणी मुरण्याची चाचणी तर दहा मिनिटांची. १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही तोंडं उघडा डबा जमिनीत दोन-तीन बोटं ठोका. आत ४५० मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे अडीच सेंटिमीटर पाणी उभं राहतं. ते जिरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर लावा. पहिल्या वेळेला जमीन भिजते, खरा आकडा दुसऱ्या वेळेचा. वाळवीची आणि गांडुळांची बिळं असलेल्या जमिनीत पाणी झरकन उतरतं. ब्रह्मगिरीच्या उतारांवर पडलेला पाऊस झऱ्यांना मिळतो की गढूळ लोंढा होऊन खाली जातो, ते पुष्कळ अंशी या भोकांवर ठरतं.

आकडे हातात आल्यावर काय करायचं

कमी गुणांच्या जागी सगळ्यात आधी आगीचा शोध घ्या. वणवा जमिनीवरून भरकन जातो तेव्हा चार बोटं खाली फारशी धग पोचत नाही, खोलचे जीव वाचतात. पण पाचोळ्यातले मरतात, आणि वाचलेल्यांचं अन्न, सावली, ओल तिन्ही जातात. म्हणून फेब्रुवारीच्या आत जाळपट्टे (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढण्याच्या श्रमदानाला जा. ते काम रोपं लावण्याच्या तोडीचं आहे. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला पेटवतात. तिथे साड्यांची किंवा जुन्या मच्छरदाणीची जाळी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात आणि आगही टळते.

राबाबद्दल, म्हणजे भात-नागलीच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळून जमीन भाजण्याबद्दल, शहरातले लोक फार पटकन बोलतात. त्र्यंबकजवळच्या एका पाड्यावर मी एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "बाबा, राब भाजल्यावर मातीतले जीव मरत नाहीत का?"

"वरले मरत्यात," ते म्हणाले. "पर वाफा केवढा आन् रान केवढं? वाफ्याची आग आमी वाफ्यातच ठेवतो. रानात सोडलेल्या आगीला मालक नसतो."

त्यांचं म्हणणं मला पटलं. भात-नागलीच्या रोपवाटिकेचा चिमूटभर तुकडा आणि अख्खा डोंगर, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. आग वाफ्याबाहेर जाणार नाही याची काळजी घेतली तर तिथे भांडायचं कारण नाही.

लागवड करणार असाल तर खड्ड्याची वरची काळी माती वेगळी ठेवा आणि रोप लावताना तीच मुळांशी घाला. आळ्यात चार बोटं जाड पाचोळा पसरा, तो त्याच परिसरातला असू द्या. जवळच्याच निरोगी झाडाखालची मूठभर माती, परवानगीने, प्रत्येक आळ्यात टाकली तर तिच्यासोबत माइट, स्प्रिंगटेल आणि बुरशी पोचतात. लांबून किंवा शेतातून माती आणू नका, तिच्यासोबत मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही येतील. समपातळी चर खणताना जेसीबीने अख्खा उतार खरवडू देऊ नका, दोन चरांमधली जमीन आणि तिच्यावरचं गवत जसंच्या तसं राहू द्या. पडलेला ओंडका सरपणाला न्यायचा मोह होतो, पण दर पाच-सहात एक तरी तिथेच कुजू द्या. आयसोपॉड, वाणी आणि छद्मविंचू उन्हाळा त्याच्याखाली काढतात.

शहरातल्या सोसायटीतही हे सगळं चालतं. झाडाखालचा पाला झाडून पेटवण्याऐवजी कुंपणाच्या कडेला एका कोपऱ्यात रचा आणि आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा. पुढच्या पावसाळ्यात त्याच ढिगाच्या तळातली मूठभर माती नरसाळ्यात घाला आणि वहीत पहिली नोंद करा: तारीख, झाड, पाचोळ्याची जाडी, सापडलेले गट, बेरीज.